संपवल्याच्या दिवशीचे मत आणि सहा महिन्यांनंतरचे

घरघंटी घेतल्यावर आठवड्याभरात तिच्याविषयी दिलेल्या मताला काडीचाही अर्थ नसतो. जाळी कधी फाटते, आवाज कधी वाढतो आणि बाजरीचे पीठ खरोखर किती बारीक येते, हे कळायला एक हिवाळा जावा लागतो. कादंबरीच्या बाबतीत मात्र आपण शेवटचे पान मिटले की त्याच रात्री मत देऊन मोकळे होतो आणि पुढे वर्षानुवर्षे तेच मत मिरवत राहतो. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळू लागला तेव्हा मी यासाठी एक दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर कादंबरी संपवल्याच्या दिवशीचे मत लिहायचे, ते जुन्या कॅलेंडरच्या कागदाने झाकून टाचणी लावायची आणि उजवे पान सहा महिन्यांनी, डावीकडे न डोकावता, भरायचे. आता बरीच उजवी पाने भरली आहेत. दोन्ही बाजू शेजारी शेजारी पाहिल्यावर संपवल्याच्या दिवशीच्या माझ्या मतांवरचा माझाच विश्वास बराच ढळला आहे. पुढचा मजकूर त्या वहीतलाच आहे. सगळ्या कादंबऱ्या कालपरवाच्या नाहीत, पण या शतकातल्या आहेत आणि मी त्या गेल्या दीड वर्षात वाचल्या.

सर्वांत मोठा फरक पडला तो कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’बाबत. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी असल्यामुळे वाचनालयात तिच्यासाठी नाव नोंदवून ठेवावे लागले आणि माझा क्रमांक यायला अडीच महिने लागले. धरणामुळे गाव सोडून आलेला एक माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला पुन्हा त्या जुन्या मुलखात जातो, आणि मधल्या काळात ती म्हैस रानाची झालेली असते, एवढाच कथेचा कणा आहे. बाकी सारे रान, पाणी, जनावराची चाहूल आणि त्या माणसाच्या मनात चाललेली उलघाल. माझे डावे पान असे आहे : ‘भाषा फार दाट. पहिली चाळीस पाने दोनदा वाचावी लागली. म्हशीमागे जाण्यात तोचतोचपणा. १० पैकी ६.’

इथे थोडे स्वतःबद्दल सांगणे भाग आहे. मी एका जिल्ह्याच्या पुनर्वसन शाखेत अठ्ठावीस वर्षे कारकुनी केली. बुडीत क्षेत्रातल्या प्रत्येक खातेदाराची जमीन, घर, कुटुंबातली माणसे, त्याला लाभक्षेत्रात काय द्यायचे, त्यातले काय दिले आणि काय राहिले, हे सारे ज्यात लिहिलेले असते त्याला संकलन रजिस्टर म्हणतात, आणि धरणग्रस्ताचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी त्या नोंदीवर उभे असते. घराचे मूल्यांकन होते, विहिरीचे होते, आंब्या-फणसाच्या झाडांचे होते. म्हशीला रकाना नसतो, कारण म्हैस चालू शकते. ती ज्याची त्याने न्यायची. नव्या गावठाणात घरापुरता प्लॉट मिळतो, तिथे गोठा बसत नाही, आसपास चरायला रान नाही, म्हणून जनावरे विकावी लागली किंवा सोडून द्यावी लागली, असे मी कितीतरी अर्जांत वाचले होते आणि अर्ज पुढच्या टेबलावर पाठवले होते.

सहा महिन्यांनी उजवे पान भरायला बसले तेव्हा कादंबरीतले पुष्कळसे तपशील विसरले होते, पण ज्याला मी तोचतोचपणा म्हणून नावे ठेवली होती नेमके तेच लख्ख आठवत होते : माणूस जवळ जातो, जनावर तेवढेच लांब सरकते, तो पुन्हा जवळ जातो. ज्या जागेवरून आपल्याला उठवले तिथे फिरून फिरून यायचे आणि प्रत्येक वेळी तिथली ओळख आणखी थोडी पुसलेली पाहायची, हे सरळ रेषेत सांगताच आले नसते. कादंबरीचे नावच ते सांगत होते आणि मी अडीच महिने त्या नावाची चिठ्ठी खिडकीवर देऊनही ते मला ऐकू आले नव्हते. उजव्या पानावर १० पैकी ९ आहेत. राहिलेला एक गुण बोलीपायी कापलेला नाही, हे मुद्दाम नोंदवते. कोल्हापूरकडच्या बोलीची सवय नसलेल्या वाचकाने एवढेच करावे की घाई करू नये. माझ्या नागपूरच्या वहिनींनी घाई केली आणि पंचविसाव्या पानावर कादंबरी मिटून ठेवली. गुण कापला तो मधल्या काही पानांसाठी, जिथे नायकाच्या मनात चाललेले आपल्याला आधीच कळलेले असते आणि तरी लेखक ते आणखी एकदा सांगतो.

नंदा खरे यांच्या ‘उद्या’ला दोन्ही पानांवर ७ गुण आहेत, पण दोन्हीकडची कारणे वेगळी. ही कादंबरी २०१४ ची, लेखक पेशाने स्थापत्य अभियंता. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. नजीकच्या भविष्यकाळात माणसाची प्रत्येक हालचाल नोंदवली जाते आहे, सत्ता कंपन्यांच्या हातात एकवटते आहे आणि हे सारे सोयीच्या नावाखाली आपखुशीने स्वीकारले जाते आहे, असे जग त्यांनी उभे केले. संपवल्याच्या दिवशी मी लिहिले होते की कल्पना दांडगी, पण पात्रांपेक्षा माहिती जास्त बोलते. हे मत आजही कायम आहे. कादंबरीतल्या माणसांचे चेहरे मला आज आठवत नाहीत, त्यांचे वादविवाद तेवढे आठवतात, आणि कादंबरीकाराच्या हिशेबात हे उणेच धरावे लागेल.

मधल्या काळात मात्र एक गोष्ट घडली. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला मी नोव्हेंबरात गेले, तर अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. फायली चाळून चाळून बोटे गुळगुळीत झाली असावीत. तिथला मुलगा भला होता. त्याने ओला रुमाल दिला, दहाही बोटे लावून पाहिली आणि शेवटी अगदी सहज म्हणाला, ‘‘मावशी, तुम्ही इथे दिसताय हो, पण इथे येत नाही आहात.’’ दुसरा ‘इथे’ म्हणताना त्याने पडद्याकडे बोट दाखवले. घरी येऊन मी वाचनालयातून ‘उद्या’ पुन्हा आणली. त्या प्रतीत माझ्या आधीच्या कोणा वाचकाने समासात पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या आणि पाच-सहा ठिकाणी फक्त एक शब्द लिहिला होता : ‘झाले.’ पहिल्या वाचनात मला या खुणांचा राग आला होता, कारण वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिणे हा माझ्या लेखी गुन्हाच आहे. या खेपेला सातव्या ‘झाले’साठी एक जागा मला सापडली. पेन्सिल मी हातात घेतली नाही, एवढे शिस्तीचे श्रेय मला द्यावे.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ एका संध्याकाळीत वाचून होते. २००६ ची कादंबरी, पण मी ती फार उशिरा हातात घेतली. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात राहायला आलेला एक तरुण, त्याच्या प्रेमात पडलेले त्या घरातले भाऊ आणि बहीण, आणि तो निघून गेल्यावर दोघांनी आपापल्या परीने केलेली उजळणी. भाऊ ‘तू’ म्हणून त्या गेलेल्या माणसाशीच बोलतो आणि बहीण रोजनिशी लिहिते. पाहुण्याला नाव नाही, हे मला कितीतरी पानांनंतर जाणवले. डावे पान ९, आणि त्यात नुसते भावाच्या भागाचे कौतुक. बहिणीच्या भागाला मी ‘जरा सपाट’ म्हटले होते. उजवे पान भरताना नेमके उलटे झाले. भावाचे हळवेपण विरून गेले होते आणि बहिणीचा तो कोरडा, स्वतःला सावरत पुढे जाणारा स्वर कानात राहिला होता. एक कबुली द्यायला हवी. मधल्या काळात मी लेखकाने स्वतःच दिग्दर्शित केलेला, २०२२ साली आलेला चित्रपट पाहिला, ज्यात ही गोष्ट पुण्याहून उचलून केरळातल्या फोर्ट कोचीत नेली आहे. उजव्या पानावर मी त्या घराचे जे वर्णन मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, ते पुण्याच्या घराचे नसून पडद्यावरच्या कोचीच्या घराचे निघाले. वहीच्या नियमांत त्यानंतर एका कलमाची भर पडली : सहा महिन्यांच्या आत चित्रपट पाहायचा नाही.

मनोज बोरगावकर यांच्या ‘नदीष्ट’बद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या वाचकांची ती अत्यंत लाडकी आहे. नांदेडची गोदावरी, तिच्यात नेमाने पोहणारा निवेदक आणि नदीच्या आधाराने जगणारी माणसे, ज्यांच्याकडे गावातून जाणारा माणूस वळूनही पाहत नाही. ‘नादिष्ट’ या शब्दात नदी मिसळून केलेले नाव तर फारच सुरेख आहे. डाव्या पानावर ९ गुण आणि ‘डोळ्यांत पाणी’ असा शेरा. उजव्या पानावर ६. पाण्यात उतरतानाचा पहिला गारठा, प्रवाहाचा अंगाला होणारा बोध, हे सारे टिकले आहे, आणि मराठीत पोहण्याबद्दल इतके जवळून लिहिलेले माझ्या वाचनात दुसरे नाही. माणसे मात्र धूसर झाली. मला वाटते, प्रत्येक भेटीनंतर निवेदकाला जो गहिवर येतो, तो वाचकाच्या वाट्याचा गहिवरही स्वतःच खर्चून टाकतो. वाचताना आपण त्याच्याबरोबर रडतो आणि मग आपल्याकडे शिल्लक काही उरत नाही. वाचू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. घरात कोणी पोहणारे असेल तर त्याला आधी द्यावी.

प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ (२०२१ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार) भाच्याने आग्रहाने दिली. ७ आणि ५. भाच्याचे मत ९ वर ठाम आहे आणि त्याचे वय चोवीस आहे, त्यामुळे माझ्या उजव्या पानावर फार विसंबू नये.

आता जाडजूड कादंबऱ्या. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये आली तेव्हाच मी विकत घेतली होती आणि दीडशे पानांवर सोडली होती. या खेपेला रोज दुपारी पंधरा पाने असा रतीब लावून ती पार केली. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव, वडील अत्यवस्थ असल्याची बातमी, मोरगावकडे परतण्याचा प्रवास आणि त्या प्रवासात उसळून आलेले शेतकरी कुटुंबाचे, गावाचे आणि पार सिंधू संस्कृतीपर्यंतचे सगळे साठलेपण. पाल्हाळाची तक्रार करावी तर लेखकाने नावातच ‘अडगळ’ म्हणून ठेवले आहे, त्यामुळे तक्रारदाराचा अर्ज दाखल होण्याआधीच निकाली निघतो. डाव्या पानावर मी प्रामुख्याने त्यातल्या मतांशी भांडले आहे. जात, इतिहास, शहरी माणूस, सगळ्यांवर निवेदकाचे ठरलेले निकाल आहेत आणि त्यांतले काही मला आजही पटत नाहीत. उजव्या पानावर त्या भांडणाची एक ओळही नाही. तिथे आहेत त्या घरातल्या बायका, शेतातली कामे, आणि बोलता बोलता एखाद्या माणसाची अख्खी जन्मकथा दीड पानात सांगून पुढे निघून जायची ती रीत. गुण मी दिले नाहीत. माझी प्रत आडवे पडून वाचल्यामुळे मधोमध उकलली आणि बाइंडरकडे शिवायला द्यावी लागली, तर त्याने ती तळहातावर तोलून विचारले की ही वाचून काढली का. हो म्हटल्यावर त्याने शिलाईचे पैसे कमी केले नाहीत.

रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) मात्र अजून पुरी झालेली नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एका मराठा कुळाची सातशेहून अधिक वर्षे तिच्यात आहेत. कुलवृत्तांत म्हटले की आपल्यासमोर कोकणस्थ घराण्यांनी छापून घेतलेली, वंशवेलींच्या घड्या घातलेली पुस्तके येतात. शेतकरी कुळांकडे असे छापील काही फारसे नसते, आणि जे कागदावर नव्हते ते कल्पनेने रचायचे हा घाट मला कादंबरीइतकाच आवडला. अडचण वेगळी आहे. एका पूर्वजात जीव रमतो न रमतो तोच आपण पुढच्या शतकात पोहोचतो, आणि वाचनालयाची पंधरा दिवसांची मुदत त्याच्या आधी संपते. दोनदा नूतनीकरण केले, तिसऱ्यांदा खिडकीवरच्या बाईंनी मान हलवली. डावे पान कोरे आहे, म्हणून उजव्या पानाचा प्रश्नच येत नाही.

‘रिंगाण’ची प्रत मी नंतर विकत घेतली आणि माझ्या जुन्या शाखेत अजून नोकरीत असलेल्या एका सहकाऱ्याला वाचायला दिली. देताना म्हटले, ‘‘आपल्या रजिस्टरात म्हशीला रकाना नाही, लक्षात आलं का कधी?’’ तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. कादंबरीबद्दल ते फार काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, ‘‘मॅडम, रकाना नाही हे खरं, पण शेऱ्याच्या रकान्यात दोन खातेदारांपुढे ‘जनावरे मागे सोडली’ असं लिहिलेलं सापडलं. अक्षर तुमचं आहे.’’