चपडी लाखेचं पॉलिश, बंगईवर लावून बघितलं

आमच्याकडे आजोबांची सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, आहे, पार काळवंडून गेली होती. सुतार म्हणे पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून घ्या, पण धरणगावचे मामा म्हटले की तिच्यावर आधीपासून चपडीच, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाखच, आहे, तीच लाव. मग जळगावातून पाव किलो आणली.

पहिल्या दुकानातली फुकट गेली. दोन दिवस स्पिरिटमध्ये ठेवून पण तळाशी चिकट गोळा तसाच, माल जुना होता आणि दुकानदार ऐकायलाच तयार नाही, मला खरंच वाईट वाटलं. दुसरीकडची मात्र एका रात्रीत विरघळली. त्यामुळे सांगतो भो, आधी मूठभरच आणा, स्पिरिटमध्ये टाकून बघा आणि मगच बाकीची घ्या.

मी अर्धा लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम टाकली, काचेच्या बरणीत, लोखंडी डब्यात काळी पडते म्हणून. मग मलमलीतून गाळली, कापसाच्या बोळ्याला जुनं धोतर गुंडाळलं आणि पातळ पातळ हात मारत गेलो. दहा-पंधरा मिनिटात सुकते, मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवायचा. सहा हात झाले तेव्हा सागाच्या रेषा अशा मधासारख्या वर आल्या की आई बराच वेळ नुसती हात फिरवत बसली. आणि काम करताना गॅस, बिडी काही जवळ नको, स्पिरिट आहे ते.

पोरगी विचारत होती डब्यावर शेलॅक का लिहिलंय. यातलं 'लॅक' म्हणजे आपली लाखच, आणि 'शेल' म्हणजे पातळ पापुद्रा, फ्रेंच लोक पापुद्र्यातली लाख म्हणायचे त्याचं इंग्रजीत हे झालं. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि अंगातून ही राळ सोडतात, एकेका फांदीवर इतके असतात की लक्षावधी म्हणून लाख, असं सांगतात. संस्कृतात लाक्षा. पांडवांचं लाक्षागृह यातलंच, आणि तिथून वाचून ते एकचक्रानगरीला आले ते आपलं एरंडोल असं आपल्याकडे मानतात, हे सांगितल्यावर पोरगी स्वतः बोळा घेऊन बसली. जुन्या ग्रामोफोनच्या, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्या पण यातूनच बनायच्या, सोनार पोकळ दागिन्यात पण हीच भरतात.

आता तोटा. गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो, आमच्याकडे आठ दिवसातच पडला. पण त्यावर परत एक हात मारला तर नवीन थर जुन्यात विरघळून एक होतो, खरवडायची गरज नाही, डाग गेला. पीयूला हे जमत नाही, म्हणून मी चपडीलाच पूर्ण मार्क देतो. फक्त पावसाळ्यात लावू नका, हवेतल्या ओलीने दुधाळ होते, आणि बाहेरच्या दरवाजाला तर नकोच, तिथं ऊन-पाणी लागून टिकत नाही.