'रंगावर कंपनी निम्मंच देते': चार पॅनलचं एक बिल

एस्टिमेटमध्ये रंगाची ओळ एकच: 'पेंटिंग, 4 पॅनल, 20,000'. गाडी सिल्व्हर, मार फक्त मागच्या उजव्या दाराला. विमा कॅशलेस, पण झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. डिलिव्हरीच्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, रंगावर कंपनी निम्मंच देते, 10,000 तुमचे." गिऱ्हाइकानं निमूट मोजले.

विमा कंपनी रंगावर 50% घसारा कापते हे खरं, पण तो रंगाच्या मालावर, मजुरीवर नाही. माल-मजुरीचं बिल एकत्र असेल तर मालाचा वाटा 25% धरतात. म्हणजे 20,000 पैकी माल 5,000, घसारा 2,500. त्यावर सक्तीची कपात: 1500 सीसीपर्यंत 1,000, त्यापुढे 2,000. बाकीचे कुणाच्या खिशात गेले हे वेगळं सांगायला नको. कंपनीनं किती मंजूर केले, त्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बिल कसं करणार तेही आधीच विचारा. माल वेगळा 12,000 दाखवला तर कात्री थेट 6,000 ची लागते.

आता पॅनल. सिल्व्हरसारख्या मेटॅलिकला बेस कोट (मूळ रंगाचा थर) शेजारच्या पॅनलवर विरवत न्यावाच लागतो, नाहीतर उन्हात दार वेगळं उठून दिसतं. तेव्हा पुढचं दार आणि क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) धरणं चूक नाही. पण तिथं ना ठोकाठोक, ना पुट्टी, ना प्राइमर. हलकं घासायचं, कडेला थोडा बेस आणि पूर्ण पॅनलवर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. त्याला पूर्ण पॅनलचा दर कसला?

इथं तर तेवढंही केलं नव्हतं. रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर पुढच्या दारावर आणि क्वार्टरवर 110 च्या आसपास, म्हणजे रंग कारखान्यातलाच. मागच्या दारावर 300 च्या वर. चौथा पॅनल बंपर, तो प्लास्टिकचा, त्यावर हा मीटर चालत नाही. पण टो हुकच्या (गाडी ओढायच्या हुकच्या) झाकणाशेजारचा जुना ओरखडा जसाच्या तसा होता. एक पॅनल रंगवून चारचं बिल.

त्या एका दाराचंही काम कच्चं. हँडल आणि बीडिंग (काचेखालची रबरी पट्टी) न काढता नुसती टेप लावून मारलेलं, रंगाची कड नखाला लागते. शिवाय पुट्टी पाणकागदानं घासलेली. पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते, आणि कोल्हापूरच्या पावसात ती नीट सुकवल्याशिवाय वर प्राइमर मारला की काही महिन्यांत फोड येतात. पुट्टी कोरडीच घासायची. अर्थात वेळ जातो, धूळ होते, म्हणून टाळतात.

उद्यमनगर असो की शिरोली, नीट काम करणाऱ्याला पुढच्या मागण्यांचा राग येत नाही: एस्टिमेटमध्ये प्रत्येक पॅनलसमोर 'रिपेअर' की 'ब्लेंड' (नुसता रंग विरवणं) ते लिहून घ्या, क्लिअर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) आहे का विचारा, प्राइमर मारल्यावरचा फोटो मागा. गाडी दुपारच्या उन्हात ताब्यात घ्या, ट्यूबलाइटखाली नको. जीएसटीचं पक्कं बिल मात्र सोडू नका. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात आधी तेच मागतात.