‘होमकमिंग’ : बंद पाडलेल्या गेमला मिळालेला हक्काचा सर्व्हर

ज्या गेमचा सगळा कारभार प्रकाशक कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, त्याचा सर्व्हर बंद झाला की पैसे देऊन घेतलेली प्रतही निरुपयोगी ठरते. ‘सिटी ऑफ हिरोज’च्या खेळाडूंनी हे ३० नोव्हेंबर २०१२ रोजी अनुभवले. क्रिप्टिक स्टुडिओजने घडवलेला हा सुपरहिरोंचा ऑनलाइन गेम एनसीसॉफ्टने एप्रिल २००४ मध्ये आणला आणि साडेआठ वर्षांनी बंद केला, तेव्हा पॅरागॉन सिटी हे त्यातले शहर आणि खेळाडूंनी वर्षानुवर्षे घडवलेली पात्रे एकदमच नाहीशी झाली. आज तोच गेम ‘होमकमिंग’ या नावाने स्वयंसेवक चालवतात आणि तो कोणालाही विनामूल्य खेळता येतो. ही सेवा मला मनापासून आवडते. तरीही जतनाचा आदर्श म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते, तेव्हा काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

आधी खेळाविषयी. खाते उघडून लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्राम) उतरवला की खेळाडू थेट पात्र घडवण्याच्या दालनात पोहोचतो, आणि या गेमचे खरे वैभव तिथेच आहे. शरीरयष्टी, मुखवटा, केप, चिलखत, प्रत्येक भागाचे रंग आणि पोत इतक्या बारकाईने निवडता येतात, की शहरात समोरून येणारे पात्र पाहताना त्यामागच्या माणसाने किती विचार केला असेल हे जाणवत राहते. पोशाखाचा सामर्थ्याशी संबंध नसल्यामुळे अधिक ताकदीसाठी कुरूप चिलखत घालण्याची वेळ कोणावरही येत नाही. प्रत्येक सर्व्हरवर एका खात्याला १,००० पात्रे ठेवता येतात, त्यामुळे सुचलेली कल्पना लगेच उतरवून पाहण्याची मोकळीक मिळते. दुसरे बलस्थान म्हणजे सोबत खेळण्याची सोय. नवखा खेळाडू आणि पन्नासाव्या पातळीवर पोहोचलेला जुना खेळाडू एकाच चमूत आले, की त्यांच्या पातळ्या आपोआप जुळवल्या जातात आणि कोणीही कोणाचे ओझे होत नाही.

गेमचे वय मात्र लपत नाही. इमारतींची रचना साधी आहे, आणि तीच कार्यालये, तीच गोदामे, त्याच गुहा मोहिमांमधून इतक्या वेळा समोर येतात की एकट्याने खेळणारा कंटाळतो. सामर्थ्य वाढवणाऱ्या ‘एन्हान्समेंट’ संचांची व्यवस्था तर मार्गदर्शनाशिवाय समजणे कठीण आहे. चॅटमध्ये प्रश्न विचारला की मदत मिळते, हाच त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. महाराष्ट्रातून खेळणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्व्हर उत्तर अमेरिकेत आणि युरोपात आहेत. अंतरामुळे येणारा विलंब या गेमच्या संथ लढतींत फारसा नडत नाही, परंतु वेळेचा फरक नडतो : अमेरिकेतील संध्याकाळची गर्दी आपल्याकडे पहाटे आणि सकाळी असते. ‘रीयुनियन’ हा युरोपीय सर्व्हर आपल्याला जवळचा आहे, पण ‘एक्सेल्सियर’ आणि ‘एव्हरलास्टिंग’ या उत्तर अमेरिकी सर्व्हरच्या तुलनेने तिथे वर्दळ कमी असते.

पैशांच्या बाबतीत ही सेवा निष्कलंक म्हणावी अशी आहे. मासिक वर्गणी नाही, गेममध्ये खऱ्या पैशांचे दुकान नाही. सर्व्हरचा खर्च देणग्यांतून भागतो आणि ठरलेली रक्कम जमली की देणग्या स्वीकारणे थांबवले जाते.

आता हा गेम वाचला कसा, याकडे वळतो. कंपनीने तो चालू ठेवला नव्हता. सर्व्हरचा कोड एका छोट्या गटाच्या हाती होता आणि तो गट काही वर्षे निवडक लोकांसाठी गुप्तपणे गेम चालवत होता. एप्रिल २०१९ मध्ये हे उघड झाले, तेव्हा इतकी वर्षे गेम गेला असे समजून बसलेल्या खेळाडूंचा संताप उसळला. त्यानंतर कोड सर्वांसाठी खुला झाला आणि त्यातूनच होमकमिंग उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टकडून रीतसर परवाना मिळाल्याचे जाहीर झाले. हा परवाना मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे स्वयंसेवकांच्या श्रमांवरची कायदेशीर टांगती तलवार दूर झाली. पण तो कंपनीच्या मर्जीने मिळाला, खेळाडूचा हक्क म्हणून नव्हे. कोड कोणीच जपला नसता, तर परवाना देण्यासारखे काही उरलेच नसते. युबिसॉफ्ट या कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या आपल्या गेमचे सर्व्हर बंद केल्यानंतर युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेने कायद्याची मागणी लावून धरली, ती याच कारणासाठी मला योग्य वाटते. गेम बंद करताना तो खेळता येईल अशा स्थितीत सोडणे ही विक्रेत्याची जबाबदारी असली पाहिजे.

होमकमिंग म्हणजे २०१२ मधल्या गेमची जशीच्या तशी प्रत नव्हे, हेही लक्षात ठेवावे. ‘सेस्मिक ब्लास्ट’, ‘स्टॉर्म ब्लास्ट’ यांसारखे नवे शक्तिसंच स्वयंसेवकांनी घडवले, जुन्या शक्तींचे संतुलन बदलले, आणि खेळाडूंची जुनी पात्रे मात्र परत आली नाहीत. अभ्यासकाच्या दृष्टीने ही उणीव खरी आहे. मला तरी हा बदल मान्य आहे, कारण या गेमचा गाभा माणसांच्या वावरात होता आणि नवे काही घडत नसेल तर माणसे टिकत नाहीत. ज्यांना वेगळ्या धाटणीचे रूप हवे आहे, त्यांच्यासाठी ‘रीबर्थ’सारखे इतर सर्व्हर आहेत. नव्याने येणाऱ्याने मात्र होमकमिंगच्या ‘एव्हरलास्टिंग’वर पहिले पात्र घडवावे, सुटीच्या दिवशी सकाळी पॅरागॉन सिटीतल्या अ‍ॅटलस पार्क या भागात जावे आणि चॅटवर चमू शोधावा.