सक्तीचं संख्याशास्त्र: पेपर संपल्यावर पाच महिन्यांनी

आमच्या विभागात प्रबंध करायचा तर एक सेमिस्टर संख्याशास्त्र सक्तीचं आहे, म्हणून घेतलं. हौसेने नाही. मी समाजशास्त्राची, शाळा संपली त्या दिवशीच गणिताला रामराम ठोकलेला. पेपर संपून पाच महिने झाले आणि दरम्यान स्वतःच्या सर्व्हेसाठी हे सगळं हाताळावं लागलं, म्हणून आत्ता लिहिते. निकालाच्या दिवशी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या.

तशी शिव्यांना जागा आहेच. पहिले पाच आठवडे सरासरी, मध्यक, बहुलक यांतच गेले. वर्गांतरांच्या तक्त्यावरून बहुलक काढायचं सूत्र मी त्यानंतर एकदाही वापरलेलं नाही. मग कुणी मागे लागल्यासारखं संभाव्यता, नमुने, चाचण्या, रिग्रेशन. बेजचा सिद्धांत तर एका तासात उरकला. परीक्षेत सगळं कॅल्क्युलेटरवर, सोबत छापील तक्ते. 1.96 हा आकडा मला स्वप्नात दिसायचा.

माझी गाडी अडली ती मात्र एका साध्या जागी. नमुन्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, काढताना एनने (एकूण आकडे जितके तितक्याने) न भागता एन वजा एकने का भागायचं? वर्गात उत्तर मिळालं, "सूत्र तसंच आहे." ट्युटोरियल घेणाऱ्या सीनियर ताईने कागदावर 2, 4, 6 लिहिलं. सरासरी 4. म्हणाली, पहिल्या दोघांचा सरासरीपासूनचा फरक सांग. उणे 2 आणि शून्य. तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवून तो झाकला आणि म्हणाली, याचा फरक अधिक 2. फरकांची बेरीज शून्यच यायला हवी, त्यामुळे तिसऱ्याला स्वतःचं मत नाही. आकडे तीन, मोकळे दोन, म्हणून भागायचं दोनने. सेमिस्टरभर जे "स्वातंत्र्य मात्रा" म्हणून घोकत होते ते हे होतं.

पी-व्हॅल्यूने इंटर्नलला माझे सहा मार्क खाल्ले. पी 0.03 आला, तर शून्य परिकल्पना (म्हणजे "काही फरक नाही" हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता 3 टक्के, असं मी ठणकावून लिहिलं होतं. भांडायला गेले. सरांनी खिशातलं नाणं टेबलावर ठेवलं. हे दहादा उडवलं आणि नऊ किंवा जास्त वेळा छापा पडला, तर? सरळ नाण्याच्या बाबतीत असं होण्याची शक्यता 1024 मध्ये 11, म्हणजे साधारण एक टक्का. मग हे नाणं खोटं असण्याची शक्यता 99 टक्के का? खिशातल्या सुट्ट्या पैशांतलं नाणं, कोण मानेल! नाणं सरळ आहे असं धरल्यावर असा निकाल किती दुर्मीळ, एवढंच पी सांगतो. नाण्याबद्दल थेट काहीच सांगत नाही. मार्क वाढले नाहीत ते नाहीतच.

खरा माल लॅबमध्ये होता, आणि तिलाच आठवड्यातून एक तास. तिथे आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकवलं. पहिल्याच असाइनमेंटमध्ये 200 विद्यार्थ्यांचं सरासरी वय 60 आलं आणि मी ते तसंच रिपोर्टमध्ये लिहून मोकळी झाले. आठ जणांनी वय भरलं नव्हतं; त्यांच्या जागी 999 टाकलेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलेले चार डेटासेट काढले. चौघांच्या सरासऱ्या सारख्या, सहसंबंध चौघांचा 0.82 च्या आसपास. आलेख काढले तर एकात सरळ कल, एकात चक्क वक्र, उरलेल्या दोघांत एकेक भरकटलेला बिंदू सगळा खेळ करतोय. तेव्हापासून आधी चित्र, मग आकडा.

गणित कच्चं असेल तर घाबरू नका, बेरीज-वजाबाकी आणि वर्गमूळ यांवर बरंच भागतं. सिग्माचं, म्हणजे बेरजेचं, चिन्ह पहिल्या पंधरा दिवसांत अंगवळणी पाडून घ्या. लॅब बुडवू नका, लेक्चर बुडालं तरी चालेल (हे विभागात सांगू नका). ज्यांना पुढे डेटाला हातच लावायचा नाही त्यांचं एक सेमिस्टर फुकट जाईल, हेही खरं.

गेल्या आठवड्यात माझ्या सर्व्हेत घरकामाचे आठवड्याचे तास बघत होते. बहुतेक उत्तरं 10 ते 40, आणि हिस्टोग्रामच्या (खांबांच्या आलेखाच्या) उजव्या टोकाला एकटाच खांब, 99 वर. काय राबतात बायका, म्हणून वहीत टिपणही केलं. मग कोडबुक, म्हणजे कुठल्या उत्तराला कुठला आकडा दिला त्याची यादी, उघडलं. 99 म्हणजे "उत्तर दिलं नाही". तो कोड मीच ठरवला होता.