हँड-फूट-माउथवरचं ‘४८ तासांत गुण’ किट: आमच्याकडून पैसे कसे उकळले

पावसाळा लागला की पाळणाघरात, प्ले ग्रुपमध्ये हँड-फूट-माउथ या लहान मुलांच्या विषाणूजन्य आजाराची साथ येतेच. तिच्यामागोमाग आता हे किट विकणारेही येतात. आमच्याकडून त्यांनी आधी १,८०० आणि नंतर ३,२०० रुपये काढले. पालकांच्या ग्रुपांवर तोच मेसेज अजून फिरतोय, म्हणून सगळं लिहिते आहे.

लेकीला आधी ताप आला, मग तोंडात फोड, मग तळहात-तळपायांवर आणि ढुंगणावर लाल पुरळ. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: आजार विषाणूचा आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, पोटात पाणी जाऊ द्या, सात ते दहा दिवसांत आपोआप जाईल. पण लेकरू घोटभर दूधही गिळत नसेल, तर घरात कुणाला धीर निघतो? नेमका तेव्हाच ग्रुपवर मेसेज आला, ‘टोमॅटो फ्लूवर ४८ तासांत खात्रीशीर गुण. थेंब, मलम, स्प्रे. घरपोच.’ याच आजाराचं टोमॅटो फ्लू हे नाव २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लमच्या बातम्यांमुळे गाजलं होतं. सासूबाईंच्या ते लक्षात होतं आणि त्या घाबरल्या. आम्ही किट मागवलं; पैसे आधी, ऑनलाइन.

थेंबांना लवंगेच्या तेलाचा उग्र वास होता. पहिल्याच थेंबाला लेक किंचाळली आणि नंतर चमचा दिसला तरी तोंड मिटून घ्यायला लागली. बाटलीवर तुळशीचं चित्र आणि ‘१००% आयुर्वेदिक’. बनवणाऱ्याचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्सपायरी, काहीच नाही. आयुर्वेदिक औषधावरही हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

पुरळ सुकला, तो त्याच्या वेळेने सुकणारच होता. विकणाऱ्याने लगेच ‘तुमचा अनुभव ग्रुपवर टाका’ म्हणून तगादा लावला. याच्या जाहिराती अशाच तयार होतात.

खरी लबाडी पुढे आहे. महिनाभराने त्याचा फोन आला, “ताई, बाळाची नखं बघा बरं.” बघितलं तर अंगठ्याचं नख मुळाशी सुटलेलं. “विष हाडात उतरलंय, डीटॉक्स कोर्स लागेल.” त्या भीतीपोटी ३,२०० गेले. पार्सल आलं नाही, नंबर बंद. डॉक्टरांनी नखं पाहिली आणि सांगितलं की या आजारानंतर, विशेषतः कॉक्सॅकी ए६ या विषाणूमुळे, काही आठवड्यांनी नखं गळू शकतात. दुखत नाही, खालून नवं नख येतं. म्हणजे नखं सुटू शकतात हे त्या माणसाला आधीच ठाऊक होतं. तो त्याचीच वाट पाहत होता. याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

उपयोग झाला तो गार दुधाचा, नाचणीच्या थंड पेजेचा आणि शहाळ्याच्या पाण्याचा, तेही चमच्याचमच्याने. आंबट-तिखट बंद. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, त्यामुळे डायपर बदलल्यावर हात साबणानेच धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका. भारतात या आजाराची लस मिळत नाही, तेव्हा ‘प्रतिबंधक डोस’ विकणाराही खोटाच. मात्र आठ तासांत शू झाली नाही, ताप तीन दिवसांपुढे गेला, मूल झोपेत दचकून झटके देऊ लागलं, चालताना तोल जाऊ लागला, सारख्या उलट्या झाल्या किंवा ते मलूल पडलं, तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. ज्यांनी हे किट मागवलंय त्यांनी बाटली फेकू नये, चॅट डिलीट करू नये आणि पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) जपून ठेवावा. तक्रारीत तो लागतोच.