ब्लँकेटं घेऊन पेठला जायचं, की संस्थेला पैसे द्यायचे?

डिसेंबर लागला की आमच्या नाशकात गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच विषय निघतो: यंदा आदिवासी पाड्यावर काय न्यायचं? आमच्याकडे यावरून सरळ दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, स्वतः जाऊन माणसाच्या हातात वस्तू द्यायची. दुसऱ्याचं, नोंदलेल्या संस्थेच्या खात्यात पैसे टाकायचे. मी दोन्ही करून पाहिलंय आणि माझा कल ठरलाय, हे आधीच सांगून टाकते.

स्वतः जाण्यातली गंमत मी नाकारत नाही. पेठच्या वाटेवरचा सावळघाट ओलांडला की गाडीतली पोरं मोबाइल खाली ठेवतात. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर लोक कसे राहतात, हे त्यांना दिसतं. पैसेही थेट कामी लागल्यासारखे वाटतात, मध्ये कुणी नाही.

आता आमची फजिती ऐका. एका वर्षी आम्ही साठ ब्लँकेटं घेऊन पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो. घरं निम्मी बंद. म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं, एवढेच भेटले. बाकी सगळे भाताची कापणी उरकून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेले. म्हणजे थंडीचा खरा कडाका निफाडला, उघड्या शेतात ताडपत्रीखाली झोपणारी माणसं तिथे, आणि आमची ब्लँकेटं पेठला! शिवाय रस्त्यालगतचा पाडा असल्यामुळे आमच्याआधी आणखी दोन गट येऊन गेले होते. गाडी जिथवर जाते तिथवरच दान पोचतं, हे तेव्हा कळलं. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यातली लग्नातली जरीची परकर-पोलकी कोण घालणार होतं?

ब्लँकेटापेक्षा मोठी अडचण तिथे पाण्याची आहे, आणि ती डिसेंबरात आपल्याला दिसतच नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. पण जमीन उताराची, खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही. नार, पार, दमणगंगेतून पश्चिमेला समुद्राकडे निघून जातं. मार्च-एप्रिलात विहिरी तळ गाठतात आणि बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. झरा बांधणं, टाकी, सोलर पंप, पाइपलाइन ही कामं एका रविवारच्या सहलीत होत नाहीत. त्यासाठी वर्षभर तिथे जाणारं-येणारं कुणीतरी लागतं. पैसे संस्थेला द्यावेत असं मला वाटतं ते यामुळे.

पण संस्था म्हणजे आपोआप चोख, असं अजिबात नाही. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. आढेवेढे घेतले तर तिथेच थांबा. मी आणखी एक प्रश्न विचारते: दोन वर्षांपूर्वी बसवलेला पंप आज चालू आहे का, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करतं? उद्घाटनाचे फोटो सगळेच दाखवतात.

कराचं गणित थोडक्यात. संस्थेला ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलतीची, मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते. दहा हजार दिले आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर कर हजाराच्या आसपास वाचतो. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. २,००० रुपयांहून जास्त देणगी रोख दिलीत तरी ती मिळत नाही, आणि वस्तूंवर तर नाहीच. कर वाचवायलाच देत असाल तर हिशेब फारसा जमणार नाही.

तिसरा मार्ग लोक सहज धरतात: कुणा एकाच्या यूपीआयवर सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि आपणच काम करायचं. सोसायटीतल्या सोसायटीत ब्लँकेटं घेण्यापुरतं हे निभावतं. पण ओळखीपलीकडच्या लोकांकडून वर्गणी मागायला लागलात की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१क आडवं येतं. नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची आधी परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच ही. आणि ज्याच्या खात्यात पैसे येतात त्याच्या घरी वर्षभर हिशेबावरून कुरबुर चालते, हे वेगळंच.

वस्तूच द्यायच्या असतील तर त्यामागे सांभाळणारं कुणी आहे का, ते बघा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पुस्तकपेटी इथलीच, ती फिरत राहते, कारण तिची जबाबदारी घेणारा माणूस ठरलेला असतो.

तेव्हा मुलांना घेऊन एकदा जाऊन यायचंय, तर जरूर जा, पण आधी पाड्यावरच्या शिक्षकांना फोन करा. पाच हजारांच्या वर रक्कम असेल तर ती संस्थेला द्या, आणि वर्षातून एकदा काम बघायला जा. आम्ही यंदा फोन केला. गुरुजी म्हणाले, “ब्लँकेटं नकोत ताई. तुम्ही मार्चमध्ये या, विहीर दाखवतो.”