चावऱ्या मांजरासाठी पिसांची छडी: कुठे चालते, कुठे पैसे वाया

पेट शॉपमध्ये जाऊन ‘मांजर फार चावतं हो’ म्हटलं की दुकानदार काउंटरवर चार वस्तू मांडतो. पिसांची छडी म्हणजे फेदर वाँड, प्रकाशाचा ठिपका नाचवायचा लेझर, कडू स्प्रे आणि मांजराला शांत करण्यासाठी गंध-संदेश सोडणारा, सॉकेटमध्ये लावायचा फेरोमोन डिफ्यूजर. यातली छडी साधारण शंभर ते तीनशे रुपयांत मिळते आणि चौघांत पैसे घालण्यासारखी तीच आहे. अट एवढीच की ती एकाच प्रकारच्या चाव्यावर चालते. तुमच्या मांजराचा चावा वेगळा असेल तर छडी कपाटावर धूळ खाईल आणि बोल मात्र खेळण्याला लागेल.

छडीने सुधारतो तो खेळातला, म्हणजे खरं तर शिकारीतला चावा. तो ओळखायला सोपा असतो. तुम्ही स्वयंपाकघराकडे निघालात की सोफ्याखालून घोट्यावर झडप पडते, पांघरुणाखाली पाय हलला की त्यावर उडी येते. आधी फिस्कारणं नाही, गुरगुरणं नाही, सगळं गुपचूप. कान पुढे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, ढुंगण डावी-उजवीकडे हलवून नेम धरलेला. हे बहुधा काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंतचं, फ्लॅटमध्ये एकटं वाढणारं मांजर असतं. दबा धरणं, पाठलाग, झडप, पकड हा सगळा क्रम त्याच्या अंगात आहे आणि घरात हलणारी वस्तू काय, तर तुमचे पाय.

चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांत शिकतं. जास्त जोर लावला की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू उचलून आणलं की ही शाळा अर्धवट सुटते. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये पाच हजारांहून जास्त मांजरांची माहिती तपासली, तेव्हा आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्यांत आक्रमकपणा जास्त आढळला. त्यात घरची मंडळी पिल्लाला बोटं नाचवून खेळवतात. दुधाचे दात असतात तोवर सगळ्यांना मजा वाटते. सहा महिन्यांच्या आसपास पक्के सुळे येतात आणि त्याच खेळात रक्त निघायला लागतं.

आता छडीकडे. हिचं खरं काम मांजराला दमवणं नाही, दात आणि हात यांच्यात अंतर ठेवणं आहे. म्हणून घेताना पिसांचा रंग बघू नका, लांबी मोजा. छडी किमान ६० सेंमी, ९० असेल तर उत्तम, आणि तिला ६० ते ८० सेंमी दोरी. टोकालाच पिसं चिकटवलेली वीतभर काडी मिळते, ती चावऱ्या मांजरासाठी घेऊच नका. झेप पिसांवरून सरकून थेट मनगटावर येते.

फायबरग्लासची एकसंध छडी सगळ्यात टिकाऊ. अँटेनासारखी ओढून लांब करायची टेलिस्कोपिक छडी पिशवीत मावते, पण तिचे सांधे काही आठवड्यांत ढिले पडतात आणि ऐन झटक्यात छडी आखडते. लाकडी चालते, फक्त टोकाला फाटलेली नसावी. दोरी इलॅस्टिकची असेल तर बदला. मांजराने पिसं पकडून ताणली आणि सोडली की ती सणकन परत येते, त्याच्या डोळ्यावर नाहीतर तुमच्या. जाड सुती दोरी किंवा चपटी विणलेली नाडी बरी. बारीक नायलॉन बोटाला कापतं आणि गिळायलाही सोपं असतं.

सगळ्यात कच्ची जागा म्हणजे पिसांच्या मुळाशी असलेली पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची टोपी. स्वस्त मालात पिसं आत नुसती डिंकाने बसवलेली असतात. मांजर पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा घालतं, तेव्हा ती टोपी निघते आणि बरोबर घुंगरूही सुटतो. घुंगरू सरळ पोटात जाऊ शकतो. म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम, घुंगरू कापून टाकणं. टोपीवर दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे देऊन गाठ मारली की पिसं बरीच जास्त टिकतात. पिसाचा दांडा चिरून टोकदार झाला की ते पीस काढून टाका, टाळूला टोचतं. दोरी आणि पिसं यांच्यामध्ये फिरती कडी आहे का तेही बघा. नसेल तर मासेमारीच्या सामानाच्या दुकानात स्विव्हल अगदी स्वस्तात मिळतं. ते लावलं की दोरीला पीळ पडत नाही आणि पिसं हवेत भिरभिरतात, पाखरासारखी.

बहुतेक जण छडी वापरतात चुकीची. पिसं मांजराच्या नाकासमोर नाचवतात आणि मग ‘आमचं खेळतच नाही’ म्हणतात. मांजराला साधारण एक वीतभर अंतराच्या आतलं नीट दिसत नाही, तिथे ते मिशांनी काम भागवतं. शिवाय कुठलाही उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येत नाही. पिसं त्याच्यापासून दूर न्या. जमिनीलगत सरपटत, सोफ्याच्या कोपऱ्यामागे, वर्तमानपत्राखालून खसखस करत. मध्येच थांबा. थांबलेली शिकार पळणाऱ्या शिकारीपेक्षा जास्त खुणावते, आणि ढुंगण हलायला लागतं ते याच क्षणी. दर तीन-चार झेपांमागे एकदा खरंच पकडू द्या आणि दोरी सैल सोडा. हिसकावून घेतलीत तर ते चिडतं, आणि चिडलेलं मांजर पिसं सोडून हाताकडे वळतं.

एका वेळी आठ-दहा मिनिटं पुरतात, दिवसातून दोनदा. वेळ जेवणाआधीची हवी. शिकारीची ऊर्मी पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त असते, आणि पोट रिकामं असलं की खेळ रंगतो. पहाटे पाचला पायाला चावणाऱ्या मांजराला रात्री झोपण्याआधी खेळवा आणि रात्रीच्या जेवणाचा मोठा वाटा त्यानंतरच द्या. शेवटची दोन मिनिटं वेग उतरवा, शिकार जखमी झाल्यासारखी लंगडवा, शेवटी पकडू द्या आणि लगेच ताटली पुढे ठेवा. खेळ ऐन रंगात असताना छडी उचलून ठेवली, तर उरलेली झडप तुमच्या पोटरीवर येते. ‘खेळवल्यावर जास्तच चावतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात रोज ५ ते १० मिनिटं असं खेळवलेल्या, बाहेर हिंडणाऱ्या मांजरांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली. तो अभ्यास चाव्यांचा नव्हता हे खरं, पण ऊर्मी तीच आहे.

पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजराला मे महिन्यात दुपारी पळवू नका. तोंड उघडून धापा टाकायला लागलं की खेळ बंद, मग मांजर कुठलंही असो. आणि रोज तीच पिसं लावलीत तर कंटाळा येणारच. पिसं, फरची शेपटी, चामड्याची पट्टी अशी दोन-तीन टोकं ठेवून आलटून पालटून लावा, की विझलेला खेळ पुन्हा पेटतो.

खेळताना चुकून हात सापडलाच तर ओढू नका. ओढलं की पकड घट्ट होते आणि कातडी फाटते. हात मेल्यासारखा ढिला सोडा, तोंड उघडलं की सावकाश काढा आणि मिनिटभर खोलीबाहेर जा. ओरडणं, नाकावर टिचकी, पाण्याची पिचकारी यांनी चावा थांबत नाही, मांजर तुम्हाला घाबरायला मात्र शिकतं.

आता छडी जिथे चालत नाही ते. मांडीवर लाड करून घेता घेता ‘अचानक’ चावणारं मांजर अचानक चावत नसतं. आधी शेपटीचं टोक आपटतं, पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, घुरघुर थांबते, मान हाताकडे वळते. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेली पद्धत इथे कामाची आहे. हात पुढे करून थांबायचं, मांजराने अंग घासलं तरच गाल, हनुवटी आणि कानांच्या मुळाशी कुरवाळायचं, पोट आणि शेपटीचं मूळ टाळायचं. तीन-चार सेकंदांनी हात बाजूला घ्या, पुन्हा डोकं घासलं तर पुढे चालू. खर्च शून्य.

खिडकीतून खालचा बोका दिसला आणि तो राग घरच्यांवर निघाला, तर तेव्हा छडी बाहेर काढणं म्हणजे आगीत तेल. पडदा ओढा, दार लावा, काही तास एकटं सोडा. रोजचंच असेल तर काचेच्या खालच्या भागावर धुरकट फिल्म चिकटवा. डिफ्यूजर अशा तणावासाठी विकला जातो, पण त्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत आणि रिफिलचा खर्च दर महिन्याचा. आधी फिल्म लावून बघा.

शहाणंसुरतं, आजवर कधी न चावलेलं सात-आठ वर्षांचं मांजर एकाएकी चावायला लागलं तर दुकानात न जाता डॉक्टरकडे जा. दाढा, सांधे, थायरॉइड यातलं काहीतरी निघू शकतं. उचलताना किंवा ठरावीक जागी हात लागल्यावरच चावत असेल तर तिथे दुखतंय असं धरून चाला.

उरलेल्या वस्तूंचं थोडक्यात. लेझर पळवतो भरपूर, पण हाती काहीच लागत नाही. २०२१ च्या एका अमेरिकी सर्वेक्षणात जास्त लेझर वापरणाऱ्या घरांत मांजरं दिव्यांच्या, सावल्यांच्या मागे लागल्याचं जास्त आढळलं. घेतलाच असेल तर ठिपका शेवटी खऱ्या खेळण्यावर नेऊन थांबवा, आणि डोळ्यांत मारू नका. कडू स्प्रे वायरी चघळणाऱ्यांसाठी ठीक, घोट्यावर मारून काय होणार? बोटांना गोंडे लावलेला खेळायचा हातमोजा मात्र कुणी फुकट दिला तरी नको, हात ही शिकार आहे हेच तो शिकवतो. छडीच्या जोडीला काही घ्यायचंच असेल तर फूटभर लांबीची भरीव कापडी उशी घ्या, पुढच्या पायांनी कवटाळून मागच्यांनी लाथा मारता येतील अशी. जुन्या मोज्यात चिंध्या भरून घरीही होते.

चावा रक्त निघण्याइतका असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लसीचा निर्णय तेच घेतील. मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात, वरून भोक टाचणीएवढं दिसतं आणि आत जंतू कोंडतात. बोटांच्या सांध्यावरचा चावा विशेष वाईट.

खेळ संपला की छडी बंद कपाटात. दाराच्या कडीला लटकवून ठेवली की मांजर रात्री एकटं असताना दोरी चघळतं. गिळलेल्या दोरीचं एक टोक जिभेखाली अडकलं तर आतडं तिच्यावर गोळा होत जातं आणि ऑपरेशनची वेळ येते. तोंडातून किंवा मागून दोरीचं टोक दिसलं तर ओढू नका, कापूही नका, तसंच दवाखान्यात न्या.